बावीस परीषह आणि एक मंगळसूत्र



दशलक्षण पर्वाच्या सातव्या दिवशी, उत्तम तप धर्माच्या दिवशी, मंदिरातून बाहेर पडताना आपल्या गप्पा बहुधा एकाच गोष्टीवर येतात. कुणाचा कितवा उपवास, कुणी एकाशन केलं, कुणाला पित्त झालं, कुणाच्या सुनेने पहिल्यांदाच पाच केले. यात चुकीचं काही नाही. उपवास करणाऱ्या बाईला त्या दिवशीही घरातला स्वयंपाक सुटलेला नसतो, म्हणून तिचं कौतुक झालंच पाहिजे. पण माझ्या मनात दरवर्षी एक प्रश्न येतो. शरीराला त्रास दिला की माणूस आपोआप मोठा होतो का? आणि होत नसेल, तर कोणता त्रास माणसाला वाढवतो आणि कोणता नुसताच झिजवतो?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आपल्याच समाजातल्या एका बाईचं आयुष्य आठवतं. नाव तुम्ही ऐकलेलं असेल. तरीही आज ते जरा आपल्या शास्त्राच्या उजेडात पाहू.

परीषह म्हणजे काय

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बावीस परीषह सांगितले आहेत. पाठशाळेत आपण ते पाठ केले होते: क्षुधा, तृषा, शीत, उष्ण, दंशमशक, नाग्न्य, अरति, स्त्री, चर्या, निषद्या, शय्या, आक्रोश, वध, याचना, अलाभ, रोग, तृणस्पर्श, मल, सत्कार-पुरस्कार, प्रज्ञा, अज्ञान आणि अदर्शन. हे मुख्यतः मुनींसाठी आहेत. आपल्यासारख्या घरात राहणाऱ्या श्राविकांनी ते सगळे जिंकावेत अशी अपेक्षा नाही.

पण ही यादी नीट पाहिली की दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे तप आणि परीषह वेगळे आहेत. तप आपण ठरवून करतो, तिथी पाहून करतो, पारण्याची तयारी ठेवून करतो. परीषह न बोलावता येतो. आपण चांगल्या वाटेने चालायला लागलो की तो वाटेतच भेटतो. म्हणूनच आचार्य उमास्वामींनी परीषह सहन करण्याची दोनच कारणं दिली आहेत. मार्गावरून घसरू नये म्हणून, आणि कर्माची निर्जरा व्हावी म्हणून. म्हणजे आधी मार्ग पाहिजे. मार्गच नसेल तर सोसण्याला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट अशी की या बावीसांत भूक, तहान, थंडी, ऊन हे शरीराचे त्रास आहेतच, पण त्यांच्या शेजारीच आक्रोश, याचना, अलाभ, सत्कार-पुरस्कार हेही बसले आहेत. लोकांनी वाईट बोलणं, हात पसरावा लागणं, मागूनही न मिळणं, आणि मान मिळणं किंवा न मिळणं. आपल्या आचार्यांनी हे सगळं भुकेच्या बरोबरीने मोजलं. मला वाटतं, बायकांना याचं कारण कुणी समजावून सांगावं लागणार नाही. दिवसभर उपाशी राहणं सोपं असतं, पण जावेचा एक टोमणा गिळणं सोपं नसतं.

भगवान पार्श्वनाथांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. राजकुमार असताना त्यांना पंचाग्नी तप करणारा एक तापस दिसला. चारी बाजूंनी आग, वरून सूर्य. त्रासात काही कमी नव्हतं. पण जळणाऱ्या एका लाकडात नाग-नागिणीची जोडी होती, आणि तापसाला त्याचा पत्ता नव्हता. पुढे तेच धरणेंद्र आणि पद्मावती झाले, ज्या पद्मावतीची आपण घराघरांत ओटी भरतो. या कथेत तापसाच्या कष्टांचं कौतुक नाही. स्वतःला भाजून घेताना शेजारचा जीव जळतो आहे हे ज्याला दिसत नाही, त्याच्या कष्टाला आपल्या धर्माने तप म्हटलेलं नाही.

एवढं मनात धरून आता साताऱ्याला जाऊ.

कुंभोजची लेक

ज्या कुंभोजला आपण बाहुबलीच्या दर्शनाला जातो, त्याच कुंभोजमध्ये 22 सप्टेंबर 1887 रोजी भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. घराणं दिगंबर जैन, मूळ गाव सांगलीकडचं ऐतवडे बुद्रुक. पुढे महाराष्ट्राने त्यांना कर्मवीर म्हटलं, आणि त्यांची मुलं, म्हणजे वसतिगृहातली हजारो मुलं, त्यांना अण्णा म्हणत.

भाऊराव कोल्हापूरला शिकत असताना आपल्याच समाजाच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. 1908 च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव जाऊन आले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही. त्यांनी आंघोळ करायला नकार दिला. त्यापायी बोर्डिंग सोडावं लागलं.

आज आपल्याला ही गोष्ट लहान वाटेल. एक तांब्या पाणी अंगावर घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तसं केलं असतं तर, ज्या मुलांजवळ आपण बसून आलो ती मुलं घाणेरडी आहेत, हे मान्य केल्यासारखं झालं असतं. विद्यार्थीदशेतल्या मुलाला डोक्यावरचं छप्पर आणि दोन वेळचं जेवण जाणं ही अडचण मोठी होती. त्याने ती पत्करली.

याच मुलाची पुढची गोष्ट ऐका. 1914 साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. लठ्ठे म्हणजे आपल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे मोठे पुढारी. बोर्डिंगच्या प्रसंगात भाऊराव आणि ते समोरासमोर आले होते. जुना राग काढायची ही आयती संधी होती. भाऊरावांना अटक झाली, तुरुंगात हाल झाले, पण त्यांनी खोटी साक्ष दिली नाही. आक्रोश आणि वध हे दोन परीषह आपण यादीत पाठ करतो. सत्याणुव्रत पाळायचं म्हटलं की ते दारात येऊन उभे राहतात, हे इथे दिसतं.

पण आज मला भाऊरावांपेक्षा त्यांच्या घरातल्या बाईबद्दल बोलायचं आहे.

लक्ष्मीबाई कुंभोजच्याच, सधन पाटील घरातल्या. त्या काळी अशा घरातली लेक सासरी जायची ती अंगभर सोनं लेवून. लक्ष्मीबाईही तशाच आल्या. देवदर्शन, सोवळं, पाणी गाळणं, दिवस मावळायच्या आत जेवणं, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आपल्या आज्यांकडे जे होतं तेच. नवरा मात्र गावोगाव हिंडणारा. भाऊरावांनी आधी ओगल्यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करत खेडी पायाखाली घातली. त्या फिरण्यात त्यांना दिसलं, की शेतकऱ्याच्या पोराला शाळा नाही, आणि जिथे शाळा आहे तिथे सगळ्यांना आत बसता येत नाही.

4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीला, कराड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 मध्ये संस्थेचं काम साताऱ्याला आलं आणि तिथे वसतिगृह सुरू झालं. त्यात मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग, सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र काम करणार आणि एका पंगतीत जेवणार होती. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं.

सोवळ्याच्या चुलीपुढे

वसतिगृह हा शब्द कागदावर छान दिसतो. मुलं आली म्हणजे आधी चूल आली, पाणी आलं, भांडी आली. मुलांना भूक वेळेवरच लागते. आणि हे सगळं कुणाच्या वाट्याला येतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

शंभर वर्षांपूर्वीचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. पाणी कोणाच्या हातचं, पीठ कोणी दळलं, उंबऱ्याच्या आत कोण आलं, या प्रश्नांवर घराची शुद्धता मोजली जायची. जीवदयेसाठी पाणी गाळायचं ही आपली मूळ शिकवण. पण त्याच पाण्याला कुणाची सावली लागली की ते टाकून द्यायचं, ही गोष्ट आजूबाजूच्या रिवाजातून आपल्यात शिरली आणि हळूहळू धर्मासारखी वाटायला लागली. लक्ष्मीबाई या वातावरणात वाढल्या होत्या. त्यांच्यापुढे जेव्हा सगळ्या जातींच्या मुलांची पंगत आली तेव्हा प्रश्न नुसता कामाचा नव्हता. लहानपणापासून ज्याला पुण्य म्हणायला शिकवलं होतं, तेच मोडायचा प्रश्न होता.

मैत्रिणींनो, अंगाच्या कष्टापेक्षा हा त्रास अवघड असतो. दहा माणसांचा स्वयंपाक वाढून पंधरांचा झाला तर आपण पदर खोचून करतो. पण "हे असं करणं पाप आहे" असं आतून वाटत असताना ते करणं, आणि करता करता ते पाप नव्हतं हे उमजणं, यात माणूस खरोखर बदलतो. लक्ष्मीबाई बदलल्या. ज्यांच्या घरी सोवळं चालत होतं, त्याच बाई सगळ्या जातींच्या मुलांच्या आई झाल्या. कुणाला ताप आला तर उशाशी बसल्या, लहानग्यांना आंघोळ घातली. मल हाही एक परीषहच आहे ना? मुनी स्वतःच्या अंगावरचा मळ सोसतात. लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याच्या लेकरांचा मळ काढला.

हे आपल्या धर्माला सोडून होतं का? अजिबात नाही. समवसरणाचं चित्र आपल्या प्रत्येक मंदिरात असतं. बारा सभांमध्ये देव आहेत, माणसं आहेत, आर्यिका आणि श्राविका आहेत, पशुपक्षी आहेत. सिंह आणि गाय एका जागी बसून जिनवाणी ऐकतात. तिथल्या दाराशी कुणी कुणाची जात विचारली असं शास्त्रात नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात स्पष्ट सांगितलं आहे, की सम्यग्दर्शन असेल तर चांडाळाच्या पोटी जन्मलेलाही देवतुल्य आहे. म्हणजे लक्ष्मीबाईंनी धर्म मोडला नाही. धर्मावर साचलेली काजळी पुसली, असं मी म्हणेन.

सोनं कुठे गेलं

वसतिगृहात मुलांना फुकट बसवून खायला घालायचं नाही, हा भाऊरावांचा नियम होता. मुलं लाकडं फोडत, पाणी भरत, शेतात राबत, पाळीपाळीने स्वयंपाक करत. स्वावलंबन हे संस्थेचं ब्रीदच आहे. शिकत असताना कष्ट करायचे, म्हणजे शिकून मोठा झालेला मुलगा कष्टकऱ्याला कमी लेखणार नाही, असा विचार त्यामागे होता.

तरीही मुलं वाढत होती आणि धान्य पुरत नव्हतं. अण्णा गावोगाव फिरून धान्य गोळा करत. घरची बाई दळायला बसली की एक मूठ धान्य बाजूला काढायची आणि ती मूठ वसतिगृहाला द्यायची. म्हणजे साताऱ्याच्या मुलांच्या भाकरीत कितीतरी अनाम बायकांच्या मुठी होत्या. याचना परीषह म्हणतात तो हाच. पाटलाच्या घरातला माणूस दारोदार धान्य मागतो आहे. आणि जिथे मिळत नाही तिथला अलाभही पचवतो आहे.

पण घर चालवणाऱ्या बाईला महिन्याचा हिशेब लागत नाही, तिला आज संध्याकाळचा हिशेब लागतो. लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून मुलांच्या पोटात गेले. पाटल्या, गोठ, जे जे माहेरहून आलं होतं ते ते. आणि एक दिवस असा आला, की भाऊराव घरी नव्हते, वसतिगृहात धान्य नव्हतं आणि मुलं उपाशी होती. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं आणि मुलांना जेवू घातलं.

ही घटना पाठ्यपुस्तकांमधून, भाषणांमधून इतक्यांदा सांगितली जाते की ऐकून ऐकून तिची धार बोथट झाली आहे. म्हणून जरा थांबून विचार करू. मंगळसूत्र म्हणजे नुसतं सोनं नाही. त्या काळी गळा मोकळा दिसला तर लोक काय म्हणत? नवरा जिवंत असताना मंगळसूत्र काढणं हा अपशकुन. माहेरची माणसं काय म्हणतील, शेजारीण काय म्हणेल, हळदीकुंकवाला बोलावणं येईल का? हा सगळा आक्रोश परीषह त्या एका कृतीत होता. दुसरीकडे उपाशी मुलं होती. ज्यांचे आईबाप दूर खेड्यात होते, ज्यांना त्या घराशिवाय साताऱ्यात दुसरं दार नव्हतं.

सौभाग्याचं लेणं कशासाठी असतं? घर भरलेलं राहावं, लेकरं सुखी राहावीत म्हणूनच ना? मग लेकरं उपाशी असताना ते गळ्यात ठेवून काय साधणार होतं? लक्ष्मीबाईंच्या कृतीतून मला हेच उत्तर दिसतं.

आपल्या दशलक्षणात उत्तम तप सातव्या दिवशी येतं, आठव्या दिवशी उत्तम त्याग आणि नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आधी सोसायला शिका. मग सोडायला शिका. मग "माझं" हा शब्दच सैल होऊ द्या. लक्ष्मीबाईंनी हे तीन दिवस पर्वात नाही, संसारात पाळले.

किंमत

आता एक गोष्ट, जी भाषणांत सहसा येत नाही.

1930 साली लक्ष्मीबाई गेल्या. वयाची चाळिशीही गाठली नव्हती. संस्था अजून लहान होती. 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं, 1940 मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत आणि निवासी हायस्कूल सुरू झालं, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आलं. यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. 1959 मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी 9 मे रोजी तेही गेले. आज रयतच्या सातशेहून जास्त शाखा आहेत. सोलापुरात लक्ष्मीबाईंच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे. त्यांना रयतमाउली म्हणतात. पण हा सगळा सत्कार त्यांच्या माघारी झाला.

सत्कार-पुरस्कार हा परीषह मला लहानपणी कळायचा नाही. मान मिळणं हा त्रास कसा? मोठी झाल्यावर कळलं, की काम करून मान न मिळणं, आणि तरी काम न सोडणं, हे किती कठीण आहे. आपण बायका हा परीषह रोज थोडा थोडा सोसतो. म्हणून मी इथे एक गोष्ट ठामपणे लिहिणार आहे.

लक्ष्मीबाईंचं उदाहरण देऊन कुणी घरातल्या सुनेला "सोस, सोसण्यातच बाईचं मोठेपण" असं सांगत असेल, तर तो त्यांच्या आयुष्याचा अपमान आहे. सोसणं आणि सोसायला लावणं यात फार अंतर आहे. पार्श्वनाथांच्या कथेतला तापस निदान स्वतःला भाजत होता. आपण कधी कधी घरातल्या दुसऱ्याच बाईला आगीजवळ बसवतो आणि त्याला संस्कार म्हणतो. नवऱ्याची मारहाण, सासरची उपासमार, आजारपणात डॉक्टरकडे न नेणं, हे परीषह नाहीत. ही हिंसा आहे, आणि हिंसा थांबवणं हाच तिथे धर्म आहे. आजारी असताना मुकाट्याने राबत राहणारी बाई तपस्विनी नसते, तिला औषधाची आणि विश्रांतीची गरज असते.

मग लक्ष्मीबाईंचा त्रास वेगळा का? मला तीन कारणं दिसतात. पहिलं, त्यांच्या समोर मार्ग होता. खेड्यातल्या मुलांनी शिकावं, हा. दुसरं, त्यांच्या सोसण्याने कुणाचा तरी जीव वाचत होता, कुणाचं तरी पोट भरत होतं. तिसरं, त्या सोसण्याने त्यांचं मन आक्रसलं नाही, मोठं झालं. ज्या चुलीभोवती आधी सोवळ्याची रेघ होती, त्या चुलीभोवती सगळी मुलं बसली. त्रास सोसून माणूस कडू होत असेल, दुसऱ्यांचा हिशेब ठेवत असेल, "मी एवढं केलं" असं उठता-बसता म्हणत असेल, तर निर्जरा झाली नाही. नवा बंध झाला.

कुंभोजच्या बाहुबलींकडे पाहताना हेच आठवतं. एक वर्ष ते उभे राहिले. पायांशी वारुळं झाली, अंगावर वेली चढल्या. कष्टांत काय कमी होतं? पण मनात एक शल्य होतं, आणि ते निघेपर्यंत केवलज्ञान अडलं. आपण मूर्तीवरच्या वेली पाहतो. न दिसणारं शल्य पाहायला शिकणं हे खरं दर्शन.

आपल्या घरात

त्याच काळात मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाईंनीही असाच एक अवघड रस्ता धरला होता. तरुण वयात वैधव्य आलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोपऱ्यात बसणं हाच "सोयीचा" मार्ग होता, कारण त्यात कुणाची बोलणी खावी लागली नसती. वडिलांनी साथ दिली, त्या शिकल्या, चारचौघांत बोलायला उभ्या राहिल्या आणि विधवा व निराधार बायकांसाठी श्राविकाश्रम चालवला. विधवेने सभेत बोलणं हे ज्या समाजाला सहन होत नव्हतं, त्याच समाजाच्या लेकी पुढे त्या आश्रमात शिकल्या. लक्ष्मीबाईंनी उंबऱ्याच्या आतला रिवाज मोडला, मगनबाई उंबरा ओलांडून गेल्या. दोघींनाही आधी अवघडल्यासारखं झालं असणार, कारण नवी वाट पहिल्या पावलाला टोचतेच.

आपल्या वाट्याला एवढं मोठं काही येत नाही. पण लहान परीषह रोज येतात, आणि त्यातले काही आपण हुशारीने टाळतो. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो. तो ओट्यावरच्या आपल्या कपांत ठेवायला कितीसे कष्ट लागतात? शारीरिक कष्ट शून्य. तरी हात अडखळतो. माझ्या माहितीतल्या एका घरात सासूबाईंनीच हा कप बदलला, आणि पहिले चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी सगळं नेहमीसारखं झालं. मावशी मात्र तेव्हापासून चहा उभ्याने पीत नाहीत, बसून पितात.

मुलाने आंतरजातीय लग्न ठरवलं आणि पहिल्यांदा व्याही घरी जेवायला आले. मंडळात पैशांचा हिशेब चुकीचा दिसतो आहे आणि तो विचारायचा तर वाईटपणा येणार. लेकीला शिकायला परगावी पाठवायचं आहे आणि भावकीत कुजबुज चालू आहे. साठाव्या वर्षी बँकेचे व्यवहार स्वतः शिकायचे आहेत आणि नातवंडांसमोर चुकायची लाज वाटते. अज्ञान हाही एक परीषहच आहे, विसरू नका. "मला येत नाही" हे सहन करत शिकत राहणं, हे त्याचं जिंकणं.

या पर्युषणात उपवास जरूर करा. ज्यांना झेपत असेल त्यांनी दहा करा, ज्यांना नाही त्यांनी एकाशन करा, ज्यांना औषधं चालू आहेत त्यांनी वेळेवर जेवून स्वाध्याय करा. पण त्याबरोबर अशी एक अडचण निवडा जी टाळत आला आहात, आणि जी पत्करली तर आपल्याखेरीज आणखी कुणाचं तरी भलं होईल. तिचा गाजावाजा करू नका. चतुर्दशीला हिशेब पाहा, मन थोडं मोकळं झालं की आणखी आवळलं.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी दळणाच्या डब्याशेजारी एक छोटा डबा ठेवा. रोज एक मूठ. महिनाअखेर तो एखाद्या वसतिगृहाला, एखाद्या गरजू मुलीच्या मेसला पोहोचवा. शंभर वर्षांपूर्वी सातारा भागातल्या बायकांना हे जमलं होतं. आपल्या घरात तर आज धान्याची कमी नाही.

आपल्या आईकडून, आजीकडून अशा कुणा बाईची हकिगत ऐकली असेल, तर ती लेकी-सुनांना नक्की सांगा.

जय जिनेंद्र.